झाकणाखालचं फस्स

दिवस ११८

बटण दाबलं आणि टक् झालं नाही.

आमच्या गाडीचा एसी सांगून कामाला लागायचा. बटण दाबलं की बॉनेटखाली टक्, म्हणजे कॉम्प्रेसरचा क्लच लागला, आणि मग दहा मोजेपर्यंत गार वारा. त्या दिवशी टकच्या जागी करकर आली. करकरीची किंकाळी झाली. मग जळक्या रबराचा वास. मी सिग्नलला उभी, मागे सहा गाड्या, आणि सहाही जणांच्या घराला आग लागल्यासारखे हॉर्न.

एसी बंद केला तशी गाडी गप्प झाली. चारही काचा खाली केल्या आणि तशीच भाजत दिराच्या दुकानाशी गेले.

धाकटा दीर गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. आठ महिन्यांपूर्वी त्याने मोठ्या गॅरेजमधली नोकरी सोडली आणि छापखाना नि शिंप्याचं दुकान यांच्या मधल्या एका शटरमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. एकटा. हाताखाली कोणी नाही, डोक्यावर कोणी नाही. तोंडावर मी त्याला भाऊजी आणि तुम्ही म्हणते, मनात तो.

त्याने बॉनेट उघडलं, कॉम्प्रेसरच्या तोंडावरची गोल थाळी हाताने फिरवून बघितली. फिरली नाही. पुन्हा बघितली. मग हात पुसायला घेतले. अजून काळे झाले नव्हते तरी.

"जाम," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे मेला, वहिनी."

"असा कसा मेला? चार महिन्यांचा होता!"

"तेच बघायचंय."

पण त्याचा चेहरा बघायचं असलेल्या माणसाचा नव्हता. बघून झालेल्या माणसाचा होता.

इथे माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढे ते लागणार आहे. मी फळं डब्यात भरण्याच्या कारखान्यात तपासनीस आहे. शंभर डबे पट्ट्यावरून गेले की त्यातला एक उचलायचा, फोडायचा, बघायचा, वास घ्यायचा, चव घ्यायची, लिहायचं. उरलेले नव्व्याण्णव त्याच्या शब्दावर बाहेर जातात. त्यामुळे ह्या एकशे अठरा दिवसांतले सगळे काही मी उघडत बसणार नाही. मधले मधले उघडते.


दिवस १

जुना, अकरा वर्षांचा कॉम्प्रेसर त्याने काढला आणि नवा बसवला. त्याच्या दुकानातलं पहिलं मोठं काम. मी सुट्टी काढून स्टुलावर बसले होते आणि विचारत होते. हा पाइप कुठे जातो? हा गरम का, तो गार का? गॅस तोच तोच फिरतो की संपतो? तो उत्तरं देत होता आणि एकेका बोल्टवर पिवळ्या रंगाच्या पेनने ठिपका टाकत होता.

"ही काय नक्षी?"

"घट्ट केला की ठिपका. नाहीतर माझं काय होतं, ठाऊक आहे ना."

ठाऊक होतं. सगळ्या घराला ठाऊक आहे. दहा वर्षांचा असताना तो सायकलवरून साखर आणायला गेला आणि चालत घरी आला. साखर घेऊन. तेव्हापासून तो काहीही विसरला की सासूबाई एवढंच विचारतात, "सायकल कुठंय?"

बिल त्याने वहीच्या पानावर लिहिलं. मी पैसे माझ्या पगाराच्या दिवसांत मोजते, तसं कळायला सोपं जातं. कॉम्प्रेसर, सोळा दिवस. आतला ओलावा पिऊन घेणारी ड्रायरची बाटली, दीड दिवस. गॅस, एक दिवस. तेल, दोन तास. मजुरीपुढे आडवी रेघ.

"हे काय?"

"घरच्यांकडून मजुरी घेतं का कोणी?"

गॅसचा दाब मोजायच्या मीटरच्या नळ्या काढून गुंडाळून झाल्यावर माझा शेवटचा प्रश्न आला. "गॅस आत आहे, हे कळतं कसं?"

"मीटर लावून."

"मीटर तर काढलात."

त्याने नळ्यांच्या गुंडाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पाइपावरचं निळं झाकण फिरवून काढलं. खाली सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह होता, मधे बारीकशी पिन. ती त्याने नखाने एकदा दाबली.

फस्स.

"बघा. आहे."

"एवढंच?"

"एवढंच. आता घरी जा, वहिनी, मला जेवू द्या."


दिवस ११९

मेलेला कॉम्प्रेसर टेबलावरच्या शिकंज्यात आवळलेला होता.

"फोडा," मी म्हणाले.

"फोडला की कंपनीकडे परत देता येत नाही."

"जाम झालेला तसाही घेतील का?"

"नाही."

"मग फोडा. आत काय झालंय ते कळेल तरी."

त्याने ग्राइंडर चालवला. ठिणग्या शिंप्याच्या भिंतीपर्यंत गेल्या. त्याचे दोन भाग झाल्यावर मी वाकले. मला वाटलं होतं तारा असतील. तारा नव्हत्या. एक तिरकी थाळी होती, तिच्याभोवती मुठीत धरलेल्या बोटांसारखे जाड दट्टे. थाळी फिरली की एक बोट पुढे, एक मागे. एवढ्याशा खेळावर माझा गार वारा चालत होता. मी तर खुळावूनच गेले. थाळीवर ओरखडे होते, खोल, एकाशेजारी एक, आणि सगळीकडे चंदेरी भुगा.

त्याने बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं.

"तेल नाही," तो म्हणाला.

"घातलं होतं ना तुम्ही?"

कारखान्यात हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा विचारते. साखर घातली होती ना? झाकण दाबलं होतं ना? तिथे त्याला कोणी घाबरत नाही. इथे तो विचारला आणि दिराचे हात थांबले.

"बाटली आठवते," तो हळूच म्हणाला. "बाटली उघडल्याचं आठवतंय. तुम्ही विचारत होतात, हा पाइप कुठे जातो. मी सांगत होतो. पण ओतल्याचं... अर्धा कपभर तर तेल असतं, वहिनी. बोल्टला मी ठिपका देतो. तेलाला ठिपका कुठे देणार?"

छापखान्यातलं यंत्र पलीकडे खटाखट चाललं होतं.

मग त्याने जे सांगितलं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. जुन्या मालकांचा फोन आला होता. परत ये, पगार वाढवून देतो, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत सांग, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

"मी नाहीच म्हणणार होतो," तो म्हणाला. "आता हो म्हणतो. शटर ह्या महिन्यात सोडून देतो."

"एका कॉम्प्रेसरपायी?"

"एका? तुमच्यानंतर नऊ बसवलेत. त्या नवांतल्या कितींत तेल घातलंय, सांगा. मला नाही सांगता येत."

आमच्याकडे एक डबा नासका निघाला की त्या पाळीचा सगळा माल अडवून ठेवतात. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच कळलं होतं, आणि मला उत्तर सुचेना. मला उत्तर सुचलं नाही की मी प्रश्न विचारते.

"तेल नव्हतंच, की होतं आणि गेलं?"

"काय फरक पडतो?"

"अहो, नव्हतं ही एक गोष्ट आणि गेलं ही वेगळी गोष्ट. गेलं असेल तर कुठेतरी असेल. कुठे पाणी मुरतंय ते बघायला नको?"

तो पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागला. "रंग," तो म्हणाला. "मी बाटली उघडली की आधी तेलात रंग टाकतो. गळती शोधायचा. एरवी दिसत नाही, जांभळ्या दिव्याखाली चमकतो. तेलाचा टिपूस जरी राहिला असला ना, तरी चमकेल."

"मग लावा दिवा!"

"दिवा मालकांकडे आहे. माझा अजून घ्यायचाय." तो पुन्हा हात पुसायला लागला. "आणि दिवा मागायला गेलो की ते उत्तरही मागतील."


दिवस ११९, घरी, जेवताना

"काय म्हणतो तुमचा इंजिनियर?"

"तो तुमचा मुलगा आहे, आई."

"बिघडलं की माझा, चाललं की तुमचा. काय झालं?"

"तेल घालायचं राहिलं असेल, असं त्यांना वाटतंय."

"सायकल कुठंय!"

"आई, आत्ता नको. उद्या पाचला जुन्या मालकांना हो सांगून दुकान बंद करणार आहेत ते."

"मी काय म्हणते. साखर तर आणली होती ना त्याने?"

"अं?"

"सायकल विसरला. साखर नाही विसरला. ज्या कामाला पाठवलं ते केलं होतं पोराने. हे मीच कधी बोलले नाही त्याला. हसण्यात राहून गेलं. वाढ थोडं."


दिवस १२०, सकाळ

दिवा आणायला मी गेले. कारखान्यात अर्धा दिवस रजा टाकली.

मालकांचं गॅरेज म्हणजे गाड्यांचं हॉस्पिटल. आठ गाड्या आठ खांबांवर उचललेल्या, खाली फरशी अशी की तीत तोंड दिसेल. मालक जाडजूड, चष्मा मात्र बाहुलीचा असावा एवढा. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून दिवा काढला. बॅटरीसारखाच, फक्त काच जांभळी, बरोबर पिवळा चष्मा.

"त्याला सांगा, दिव्याबरोबर तोही परत आला तर चालेल."

"भाऊजी तेल विसरले असतील, असं वाटतं तुम्हाला?"

"बाई, नऊ वर्षं होता माझ्याकडे. जेवणाचा डबा विसरायचा. चप्पल विसरायचा. माझ्या मुलीच्या लग्नाला यायचं विसरला, दुसऱ्या दिवशी आला, नवे कपडे घालून. तेल कधी विसरला नाही." त्यांनी चष्मा पुसला. "पण इथे मागनं फिरत विचारणारा मी होतो. तेल घातलंस? घातलंस ना? तिकडे कोण विचारणार?"

बरोबरच होतं.

"गाडी कोण कोण चालवतं?" त्यांनी विचारलं.

"मी एकटीच."

"बॉनेट उघडता?"

"रोज सकाळी. पाणी बघते, इंजिनचं तेल बघते."

"रोज!" ते हसले. "अशी गिऱ्हाइकं बरी. फक्त त्या काकांसारखं करू नका."

"कुठले काका?"

"होते एक. आठवड्याला एसीच्या पाइपावरचं झाकण उघडायचे आणि पिन दाबून बघायचे, गॅस आहे का. अहो, आहे का बघायला सोडायचा! बी रुजलं का बघायला रोज माती उकरावी तसं. बरं, नुसता गॅस जात नाही ना. तेल गॅसबरोबरच फिरतं. तो फवारा उडतो त्यात तेलही असतं. वर्षभरात कॉम्प्रेसर बसला त्यांचा. चहा घ्या ना, गार होतोय."

चहा गार होऊ दिला मी.


दिवस २

हा डबा मी मघाशी उघडला नव्हता. लपवला नव्हता, शपथ. मला तो नमुना वाटलाच नव्हता.

सकाळी पावणेआठ. पाणी बघितलं, तेल बघितलं. निळं झाकण दिसलं. गॅस आहे का? केसांतला आकडा काढला, त्याच्या टोकाने पिन दाबली.

फस्स.

आहे. झाकण लावलं. आकडा परत केसांत.


दिवस ३

फस्स.


दिवस ४, ५, ६, आणि रविवार सोडून पुढचे सगळे

फस्स.


दिवस ७४

वारा जरा कोमट वाटला. फस्स बारीक आलं का? नक्की कळेना, म्हणून दोनदा दाबलं.


दिवस १०३

नक्की कळेना, म्हणून पाच मोजेपर्यंत दाबून धरलं. आला आवाज. आहे म्हणजे. निश्चिंतपणे कामावर गेले आणि दिवसभर शंभरातला एक डबा फोडत राहिले. आमच्या विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे, बारा वर्षं तिच्याखालून जाते आहे मी: तपासलेला डबा विकायचा नाही.


दिवस १२०, मालकांकडून दुकानाकडे

एसीचा पट्टा काढून ठेवलेला, गाडी त्याच्याविनाही चालते. काचा खाली. दिवा शेजारच्या सीटवर.

मी हिशेब मांडत होते, आणि तो वाईट हिशेब होता. दिवा लावला की फोडलेल्या कॉम्प्रेसरमध्ये रंग चमकेल. म्हणजे तेल घातलं होतं, भाऊजी सुटले. पण लगेच दुसरा प्रश्न येईल, गेलं कुठून? आणि मी गप्प बसले तर तो म्हणेल, माझ्याच सांध्यातून. माझा पाइप नीट बसला नसणार. तेल विसरणं आणि सांधा सैल ठेवणं, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर. मग पाच वाजता तो हो म्हणेल, फक्त कारण वेगळं असेल.

बोलले तर? दुसऱ्या कॉम्प्रेसरचे पैसे माझे. सोळा दिवस, शिवाय भुगा जिथे जिथे गेला ते सगळं. नवरा म्हणेल, तरी मी सांगत होतो. काय सांगत होता ते त्यालाही माहीत नसेल, पण म्हणेल. सासूबाईंना पुढची वीस वर्षं पुरेल एवढा विषय.

मी चांगली बाई आहे म्हणून बोलले, असं कोणी समजू नये. रस्त्याच्या त्या वळणावर मला एक वेगळीच गोष्ट छळायला लागली. आकडा चमकेल का? एकशे अठरा दिवस मी तो केसांत खोचत होते. केस धुतात, आकडा कोण धुतं? माझा हात आपसूक डोक्यामागे गेला. होता.


दिवस १२०, दुपारी बारा

"शटर खाली ओढा," मी म्हणाले. "अंधार हवा ना?"

"उकडेल."

"उकडू दे."

शटर खाली आलं. दुकानात एकदम रात्र, फक्त तळाशी उन्हाची एक फीत. शिंप्याने भिंतीवर टकटक करून विचारलं, "आज लवकर बंद?" दिराने पिवळा चष्मा लावला आणि दिवा टेबलाकडे वळवला.

फोडलेल्या कॉम्प्रेसरच्या कोपऱ्यांतून, दट्ट्यांच्या मागून, जिथे बोट पोचत नाही अशा फटींतून हिरवट पिवळं काहीतरी उगवलं. अगदी थोडं. पण असं लख्ख, की मी चष्म्याशिवायही बघत राहिले.

"होतं," तो म्हणाला.

"होतं."

"वहिनी, मी तेल घातलं होतं!"

"मग! साखर आणली होती तुम्ही."

"काय?"

"काही नाही. आई म्हणाल्या."

तो हसला, आणि हसता हसताच थांबला. मला माहीतच होतं तो थांबणार. दिवा घेऊन तो गाडीकडे गेला. "मग गेलं कुठून? माझाच सांधा सुटलाय कुठेतरी." पहिल्या सांध्यावर दिवा. काळोख. पिवळा ठिपका आणि काळोख. दुसरा सांधा. काळोख. तिसरा. मी बघत होते, तो एकेका ठिपक्यापाशी थांबत होता, परीक्षेचा निकाल खालून वर वाचावा तसा.

"भाऊजी."

"थांबा, अजून दोन राहिलेत."

"भाऊजी, निळं झाकण बघा."

दिवा तिकडे गेला. झाकणाच्या भोवताली, पाइपावर, वर बॉनेटच्या आतल्या बाजूला, सगळीकडे हिरवे शिंतोडे. कोणीतरी रंगात बुडवलेला ब्रश झटकावा तसे.

"व्हॉल्व्ह गळतोय?" तो पुटपुटला. "पण एवढं लांबवर? हे गळलेलं नाही. हे उडालंय. कोणीतरी..."

मी केसांतला आकडा काढला आणि टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवला. आकड्याची दोन्ही टोकं पेटली.

त्याने आकडा उलटून बघितला. मग दिवा हळूहळू वर आला, माझ्या खांद्यापर्यंत, कानापर्यंत.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या केसांत काजवे बसलेत."

"रोज," मी म्हणाले. "रोज एकदा. रविवार सोडून. गॅस आहे का बघायला. शेवटी शेवटी पाच मोजेपर्यंत."

"रोज?"

"तुम्हीच दाखवलं होतं. नखाने."

"मी एकदा दाखवलं होतं!"

"मला वाटलं, एकदा चालतं तर रोजही चालेल."

अंधारात तो खाली बसला, गाडीच्या बंपरला टेकून. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी. बोलावंच, असं वाटत होतं. पण त्याचे खांदे हलायला लागले, आणि मला क्षणभर कळेचना तो हसतोय की काय करतोय. मग आवाज आला. हसत होता. चष्मा काढून डोळे पुसत होता.

"नऊ गाड्या," तो म्हणाला. "रात्रभर झोपलो नाही मी, वहिनी. एकेकाला फोन करून काय सांगायचं, ते पाठ करत होतो. आणि हे माझ्या घरात, डोक्यात खोचून फिरतंय!"

"काखेत कळसा."

"कळसा तुमचा, वळसा मला!"

मी त्याच्याजवळ फरशीवर बसले. घाम कानांमागून ओघळत होता. हिरवा असेल, कोण जाणे.

"नवा कॉम्प्रेसर माझ्या पैशाने," मी म्हणाले. "हमीबिमी काही नाही. आणि पाचला काय सांगणार?"

"मालकांचं चुकीचं नाहीये. विचारणारं कोणी नाही इथे. ह्या वेळी विसरलो नव्हतो. पुढच्या वेळी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं. आमच्याकडे प्रत्येक पाळीचा एक डबा फोडत नाहीत. वेगळा काढतात, तारीख घालतात, फळीवर ठेवतात. त्याला आम्ही साक्षीचा डबा म्हणतो. सहा महिन्यांनी कोणी तक्रार केली तर तो बोलतो.

"तेलाची बाटली रिकामी झाली की टाकता कुठे?" मी विचारलं.

"कचऱ्यात. का?"

"टाकू नका. ठिपका द्या, गाडीचा नंबर घाला आणि त्या फळीवर ठेवा. बाटली रिकामी म्हणजे तेल गाडीत. फळी विचारेल तुम्हाला, रोज."

तो फळीकडे बघायला लागला. अंधारात ती दिसत नव्हती, तरी.


दिवस १२०, पाचला दहा कमी

शटर वर. शिंपी दारात उभा राहून ऐकत होता, मीही. फोन दिराच्या कानाला.

"हो, मालक. सापडलं. नाही, तेल होतं. मोठी गंमत आहे, सांगेन कधीतरी. उद्या आणून देतो." मग पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोललं. मग तो म्हणाला, "नाही, मालक. दिवाच फक्त."


दिवस १२७

दुसरं बिल, जसंच्या तसं, त्याच्याच अक्षरात. दिवसांत मीच बदललं आहे.

कॉम्प्रेसर: सोळा दिवस.
समोरची जाळी, कंडेन्सर (भुगा अडकला, धुऊन निघत नाही): सात दिवस.
ड्रायरची बाटली: दीड दिवस.
पाइपांची धुलाई: एक दिवस.
गॅस: एक दिवस.
तेल: दोन तास. बाटली फळीवर आहे, येऊन बघून जाणे.
मजुरी: तीन दिवस.

मजुरीखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. "घरच्यांकडून मजुरी घेतं का कोणी?" मी विचारलं.

"घरच्यांकडूनच घ्यावी. बाहेरचे झाकण उघडत नाहीत."

आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: आकडा जप्त.


दिवस १

पहिल्यापासून मोजायला लागले आहे.

सकाळी पावणेआठ. पाणी बघितलं, तेल बघितलं. निळ्या झाकणावरून खाली पाइपापर्यंत त्याने पिवळी रेघ ओढली आहे, झाकण जरा जरी फिरलं तरी तुटेल अशी. रेघ अखंड होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. आत गॅस आहे म्हणतात. मीटरवर मी स्वतः बघितलाय, काटा बरोबर जागेवर होता. पण तो काल बघितलेला. आज?

सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. केव्हापासून, ठाऊक नाही.

"काय गं," त्या वरून म्हणाल्या, "आहे का?"

"काय माहीत," मी म्हणाले, आणि बॉनेट खाली टाकलं.